पेल्याखालचा कागद

धुळ्याहून आलेलं कार्ड दाराच्या फटीतून आत सरकलं तेव्हा मी जळगावातल्या माझ्या खोलीत एका वेळी तीन गोष्टी करत होते. स्टोव्हवर चहा होता, वहीत संध्याकाळच्या सभेचे मुद्दे उतरत होते आणि समोर बसलेल्या दोन कार्यकर्त्यांशी माझा वाद चालला होता. कार्डावर चारच ओळी होत्या. 'ताई, नाना जुळारी रविवारी सकाळी गेले. ताप दोनच दिवस होता. तुमचा कागद पेल्याखाली आहे. कोणी हलवलेला नाही.' खाली प्रेसच्या शेठची सही. मी कार्ड दोनदा वाचलं. चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला तेव्हा त्या दोघांतला एक जण म्हणाला, "काय झालं?" त्याचं उत्तर सहा आठवड्यांनी आता देते आहे.

पांझरेच्या अलीकडे, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एक छोटा छापखाना आहे. तिथं नाना खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, हातातल्या पट्टीत उलटं बसवायचं आणि ओळ करायची, हेच काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. म्हणून अख्खी गल्ली त्यांना नाना जुळारी म्हणे. मी भडगावहून धुळ्याला कॉलेजात आले आणि दुसऱ्याच वर्षी वसतिगृहातल्या अन्नाबद्दल एक जळजळीत पत्रक लिहून त्यांच्यासमोर उभी राहिले. माझं वय एकोणीस, त्यांचं पन्नाशीच्या पुढं. ते एका लग्नपत्रिकेचे खिळे जुळवत होते. शेजारी एक मुनीम दुसऱ्या कामाचं प्रूफ मोठ्यानं वाचत होता, दारात एक गिऱ्हाईक पत्रिकेवर गणपती डावीकडं हवा की मधोमध यावर अडून बसलं होतं, आणि नाना तिघांनाही पुरून उरत होते. मी चिडून म्हटलं, "तुमचं झालं की वाचते." ते मान वर न करता अहिराणीत म्हणाले, "चालू दे तुनं. मना कान तठेच शे." कान म्हणे माझ्याकडंच होता.

मी वाचायला लागले. तिसऱ्या परिच्छेदाला ते मध्येच म्हणाले, "थांब. 'जुलमी' दोनदा उना. एकच जुलमी ठेव, दुसऱ्याला कोन भीतं?" हात चालूच होते. त्याच दमात मुनीमाला सांगितलं, "काना राहिला तुझा," आणि दारातल्या माणसाला, "गणपती मधोमधच. तो काय कोपऱ्यात बसायला आला का?" मी खरं तर रागावायला हवं होतं, पण मी बघतच राहिले. आम्ही त्या वयात माणसं तोलायचो ती विचारांवर... नानांना विचार विचारला असता तर त्यांनी तंबाखूची डबी पुढं केली असती. तरी मला वाटलं, चळवळीला असाच माणूस पाहिजे. चार दिशांना चार डोळे असलेला.

पुढची पाच-सहा वर्षं माझं प्रत्येक पत्रक त्यांच्या हातून गेलं. वसतिगृह सुटलं, मग गिरणीचं फाटक, मग सातपुड्याच्या पायथ्याची गावं. मी काम वाढवत गेले आणि त्याचा मला अभिमान होता. परीक्षा, सभा, अभ्यासमंडळ, साप्ताहिकातलं लिखाण, सगळं एकदम. एकाच कामात रमणारा माणूस मला आपमतलबी वाटे. नानांचं ते चौफेर लक्ष कमी होत चाललं होतं हे मला दिसलं नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्यांचा हात खणावर थांबायचा. मुनीमाला ते म्हणायचे, "पुन्हा वाच." मला वाटायचं, आज तंबाखू संपली असेल.

बहात्तरच्या दुष्काळात पायथ्याच्या गावांतली माणसं खडी फोडायला जात. कामावर प्यायला पाणी नव्हतं. बाया तान्ही लेकरं उन्हात धोंड्याशेजारी ठेवून हातोडा चालवत. आमच्या दोन मागण्या होत्या, पाणी आणि लेकरांसाठी सावली. सोमवारी कचेरीवर जायचं ठरलं, शनिवारी मी पत्रक घेऊन प्रेसमध्ये. लग्नसराई ऐन भरात होती. प्रत्येक पत्रिकेत शेवटच्या ओळी त्याच, म्हणून नाना त्या जुळवून दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवत आणि लागतील तशा उचलून लावत. त्या दुपारी पत्रिकेवाले दोघं बोलत होते, मी मागण्या सांगत होते, मुनीम वाचत होता. पत्रक छापून झालं, गठ्ठे सायकलला बांधून कार्यकर्ते गावोगाव गेले. उरलेला एक कागद मी तिथंच उभी राहून वाचला. शेवटी होतं, 'तरी पाणी व सावली या मागण्यांसाठी सोमवारी कचेरीवर सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्याची शोभा वाढवावी, ही विनंती.'

मुनीम हसला. मी हसले नाही. शेठ कागद वाचून हळूच म्हणाले, "नाना, खिळे सोडा आता. गल्ल्यावर बसा. पगार तोच." नानांनी माझ्याकडं पाहिलं. एका शब्दानं मला त्यांची बाजू घेता आली असती. मी म्हटलं, "शेठ बरोबर बोलतात. तुमच्यानं आता होत नाही." पत्रकं लिहून लिहून माझी वाक्यं तोवर आखूड आणि धारदार झाली होती... ते वाक्यही तसंच होतं. नानांनी हात पुसले आणि दोऱ्यानं बांधलेल्या ओळी जागेवर ठेवल्या, उलट्या पडू नयेत म्हणून जपून.

सोमवारी मी मान खाली घालूनच कचेरीवर गेले. दहा वाजता पायथ्याकडची माणसं यायला लागली. बाया आल्या, कडेवर तान्ही, हाताला धाकटी, मागं म्हाताऱ्या. एकीला विचारलं, "लेकरं कशाला आणली उन्हात?" ती म्हणाली, "कागदमा सहकुटुंब लिखेल व्हतं, म्हनीसन बठ्ठाच उनूत." घरंच्या घरं आली होती; तोवर आमच्या मोर्चांना पुरुषच येत. त्या दिवशी कचेरीच्या ओसरीत, साहेबांच्या दारात, फायलींच्या कपाटापाशी लेकरं बसली, रडली, झोपली. सावली कशाला हवी यावर मी तयार केलेलं भाषण करावंच लागलं नाही. पुढच्या आठवड्यात खडीच्या कामावर माठ आले आणि पळसाच्या पानांचा मांडव उभा राहिला.

हे सांगायला मी धावत प्रेसमध्ये गेले. नाना खिळ्यांपाशीच होते. समोर एका कामाचा कागद, आणि बाजूला दुसऱ्या कामाच्या कागदावर त्यांचा पाणी प्यायचा पितळी पेला उपडा घातलेला. मी तोंड उघडलं तर त्यांनी नुसतं पेल्याकडं बोट केलं. मुनीमानं खालच्या आवाजात सांगितलं, नानांनी शेठशी करार केलाय. एका वेळी एकच काम. पेला उपडा असला की त्याच्याखालचं काम झोपलेलं, त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. एक चूक निघाली की दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर. मी पाऊण तास बाकावर बसले. मग त्यांनी पेला सरळ केला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बोल." मी मोर्चाचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. पण चूक ती चूकच." माफीही मागायची होती, ती राहूनच गेली.

नाना त्यानंतरही वर्षानुवर्षं खिळ्यांपाशीच राहिले. काम हळू व्हायचं, पण शेठना गल्ल्याचं नाव काढायची वेळ आली नाही. मला मात्र ते थांबणं सोसत नसे. एकदा म्हटलंही, "नाना, तुम्ही तर चौघांशी बोलत जुळवायचात." ते म्हणाले, "तव्हय कामं आपसूक मनाकडे येत. आते माले एकेका कामाकडे चालत जानं पडस. चार ठिकाणी एकदम कसा जाऊ?" जरा थांबून म्हणाले, "तू बी एक दिन चालशी." मी हसण्यावारी नेलं. शेवटची भेटले तेव्हा आदिवासी वस्तीच्या शाळेसाठीच्या सभेचं पत्रक नेलं होतं. ते दुसरं काम करत होते. मी कागद ठेवला, त्यांनी त्यावर पेला उपडा घातला, आणि मला जळगावची गाडी गाठायची म्हणून मी न थांबता निघाले.

तेराव्यानंतर प्रेसमध्ये गेले. पेला तसाच उपडा होता. आजूबाजूला धूळ साचलेली, पण त्याला कोणी हात लावला नव्हता. शेठ म्हणाले, "तुमचा कागद आहे ताई, तुम्हीच उचला." खाली माझा कागद होता आणि त्यावर घडी घालून ठेवलेलं प्रूफ. म्हणजे तापाआधी त्यांनी काम पुरं केलं होतं आणि मी येऊन वाचीपर्यंत पुन्हा झोपवून ठेवलं होतं. मी ओळ न ओळ वाचली. चूक एकही नव्हती. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'सभेस उपस्थित राहावे.' त्याआधी समासात पेन्सिलीनं, सुबक अक्षरात एक शब्द होता, 'सहकुटुंब?'

खिळ्यांपाशी आता एक नवा जुळारी आहे. प्रूफ त्याच्या हातात दिलं, तेव्हा त्यानं समासाकडं बोट करून विचारलं, "हे घालायचं का?"

"घाला," मी म्हटलं. "प्रश्नचिन्ह तेवढं काढा."