डासांची वैरीण

ती डास मारायची तो बहुधा दुसऱ्याच्या गालावर. बोलता बोलता चाट्‌कन लावायची आणि तळहातावरचं रक्त दाखवायची. "पाय, तुयंच आहे." मलाही मारली. मी उलटी ठेवून दिली. तेव्हापासून आमचं जमलं.

तुमच्याही मोहल्ल्यात असेल अशी कुणी, जिला लग्नाला बोलवायची भीती वाटते.

तिचं माहेर पारशिवनीकडच्या जंगलातलं. दोन्ही पोरं सिकलसेलने, रक्ताच्या आजाराने गेली. हाडं दुखली की ती भिंतीवर डोकी आपटत, ही त्यांना दाबून धरायची. रक्त नासकं म्हणून सासूने हिलाच झोडपलं. मग रक्ततपासणीच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोष दोघांकडून अर्धा अर्धा आलाय. अर्धा असलेला माणूस हिवतापात तगतो. बाकीचे मेले, हे उरले, म्हणून ते रक्त पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. पण दोन अर्धे एकत्र आले की पोर पुरतं आजारी निघू शकतं.

"म्हंजे डासानंच आमाले निवडलं," ती म्हणाली. "आज्याले वाचवलं अन् नातवाले खाल्लं."

तिथून ती डासांच्या मागे लागली, आणि सोयरिकींच्याही. "रगत पाह्यलं का वं?" म्हणत दारात उभी.

माझ्या नातीचं साक्षगंध बेसाच्या एका हॉलमध्ये होतं. नातीचं रक्त अर्धं निघालेलं. मुलाकडचे तपासायला तयार नव्हते. ही आली आणि मुलाचं मनगटच धरलं. "आंधी सुई टोच, मंग आंगठी घाल!"

"काहून अपशकुन करून राहिली वं?" मुलाचा काका ओरडला. "आमच्या घराण्यात असलं काही नाही!"

तिने साडीचोळीचं ताट लाथेने उडवलं. काकाने लोखंडी खुर्ची तिच्या डोक्यात घातली. कान फाटला. रक्ताचा हात त्याच्या पांढऱ्या शर्टाला पुसत ती म्हणाली, "हे मायं. आता तुयं दाखव!" मी हातातला तांब्या काकाच्या तोंडावर हाणला. सोयरीक तिथेच मोडली.

पुढे त्या मुलाने गुपचूप रक्त तपासून घेतलं. त्याचंही अर्धंच निघालं. तरी नात तिच्याशी बोलली नाही. दिसली की थुंकायची. ही एका कानाने बहिरी झाली, पण दारोदार विचारणं सोडलं नाही.

नातीचं नंतर दुसरीकडे झालं, दोघांची तपासणी करूनच. मुलगी झाली, धडधाकट आहे.

गेल्या हिवाळ्यात ही डासांची वैरीण मेली. मयतीला मोजकेच लोक आले. नात पोरीला कडेवर घेऊन माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "आली काहून मंग?"

तिने माझ्या गालावर चाट्‌कन लावली. तळहात पुढे केला.

"पाय आजी, तुयंच आहे."

जोरात लागली.