एकच टीव्ही, अख्खी गल्ली

गल्लीत तिला सगळे शिवणताई म्हणत. मशीन थांबलं की आतल्या खाटेवरून नवऱ्याच्या छातीची घरघर ऐकू येई, म्हणून ती होता होईल तो मशीन चालूच ठेवी. त्याचा दम्याचा पंप कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फुकट मिळे; बाहेरच्या देशांतून मदत म्हणून यायचा. या खेपेला पंप हातात देताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा शेवटचा. आपला देश आता गरिबांच्या गटात राहिला नाही, वरच्या गटात गेला. औषधं आता दुसऱ्या कुणाला जाणार.

घरी हे ऐकून नवरा हसला. "जन्मात एकदा वरच्या वर्गात गेलो, तर दप्तरच काढून घेतलं की." हसता हसता त्याला ढास लागली.

शिवणताईला मात्र भलतंच आठवलं. गेल्या वर्षी घराघरांतल्या वस्तू मोजायला एक बाई आल्या होत्या. परक्या माणसासमोर कमीपणा नको, म्हणून शेजारच्या वहिनींचा टीव्ही मागच्या दारांनी पुढे पुढे सरकत गेला होता. जिथे बाई, तिथे टीव्ही. कुणी बाहेरचं आलं की गल्लीची रीतच ती. तेव्हा सगळ्याजणी पोट धरून हसल्या होत्या. आता तिला वाटे, त्या टीव्हीनेच तर देश वर चढवला नसेल? नवरा म्हणे, तुमच्या एका टीव्हीने देश हलतो होय? पण अशी एकेक वहिनी प्रत्येक गल्लीत असेलच की, हे काही तिच्या मनातून जाईना.

मोजणीच्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा वहिनी टीव्ही कवेत घेऊन मागच्या दारात हजर. शिवणताईने मानेनेच नको म्हटलं. वहिनींचं तोंड उतरलं.

"टीव्ही?" बाईंनी विचारलं.

"आहे," नवरा सवयीने बोलून गेला.

"नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी दिसला तो शेजारचा. यांचा हा पंप लिहा. आज आहे, संपल्यावर नसेल."

बाई ओशाळल्या. "ताई, तसा प्रश्नच नाही हो यात. वस्तू कोणत्या आहेत, एवढंच विचारायचं. शिलाई मशीन आहे ना?"

"आहे."

तेवढं लिहून बाई पुढच्या घरी गेल्या. शिवणताईने पंप कानाशी धरून हलवला. आत अजून काहीतरी खळखळलं. देवाचं नाव घेऊन तिने तो नवऱ्याच्या उशाशी ठेवला आणि मशीनवर येऊन बसली. पण पाय काही चालेना, आणि आतली घरघर ऐकू येत राहिली.