हँडब्रेकचा दिवा आणि रविवारची परेड

"लागला का?"

"न्हाई."

"साहेब, माझ्यासमोर लागत नाही आणि घाटात लागतो, असं कसं?"

"ते तू सांग. मिस्त्री कोन, तू का मी?"

ओळीनं तिसरा सोमवार होता. कोरेगावातलं माझं गॅरेज उघडलं, की पहिली गाडी सुभेदारसाहेबांची. साहेब फौजेत गाड्यांवर नोकरी करून रिटायर झालेले. त्यांची पेट्रोल हॅचबॅक अठरा वर्षांची, पण सीटवर धुळीचा कण सापडायचा नाही. तक्रार एकच. शनिवारी पाचगणीहून घाट उतरताना डॅशबोर्डवर हँडब्रेकचा लाल दिवा लुकलुकतो, आणि हँडब्रेक तर खाली असतो.

पाचगणीला त्यांची नात ईश्वरी बोर्डिंगला आहे. साहेब शनिवारी तिला घरी आणायचे, रविवारी संध्याकाळी परत सोडायचे. ही पोरगी पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्ड वाचत यायची आणि घरी पोचली की पुण्याला बापाला, म्हणजे साहेबांच्या मुलाला, फोन, "पप्पा, आजपण लाल दिवा लागला." बापानं शेवटी बजावलं होतं, "आबा, अजून एकदा दिवा लागला तर शनिवारचं आणणं बंद. ती हॉस्टेललाच राहील."

म्हणजे साहेबांना गाडीपेक्षा शनिवारची काळजी होती.

आता हा दिवा काय असतो ते सांगतो. दिवा एक, कामं दोन. हँडब्रेक वर ओढला की त्याच्या खालचा छोटा स्विच दिवा लावतो. आणि बॉनेटमध्ये ब्रेक ऑइलची जी लहान टाकी असते, तिच्यात एक फ्लोट असतो, म्हणजे तरंगणारी गोळी. ऑइल कमी झालं की गोळी खाली बसते आणि तोच दिवा लागतो. पायातला ब्रेक चालतो तो या ऑइलवर.

पहिल्या सोमवारी मी टाकी बघितली. ऑइल मॅक्सच्या रेघेला. मग स्विचच खराब, असं म्हणून स्विच बदलला. दुसऱ्या सोमवारी वायरिंग तपासलं, अर्थिंग घासून साफ केलं. टाकी पुन्हा बघितली, ऑइल रेघेला. तिसऱ्या सोमवारीही तेच. साहेबांना विचारलं, "मधल्या दिवसांत गाडीला काही केलंत का?"

"काय बी केलं न्हाई. हात लावला न्हाई."

मग ते हळूच म्हणाले, "सलीम, बल्बच काढून टाक."

"आवं साहेब, असं करत नसतात."

"ब्रेक लागतोय न्हवं? ऑइल भरल्यालं हाय न्हवं? मग दिव्याचं काय घिऊन बसलाईस? ती पोरगी येती म्हणून घर घर वाटतं रं. न्हाईतर आमी दोघं म्हातारी येकमेकांची तोंडं बघत बसतो."

मी बल्ब काढला. पंचवीस वर्षं धंदा करून मी हे केलं, आणि सांगायला आजही लाज वाटते. त्या वेळी मात्र डोक्याची कटकट गेली म्हणून बरं वाटलं.

आठवडाभर तो बल्ब ड्रॉवरमध्ये स्क्रू शोधताना हाताला लागायचा. रविवारी गॅरेज बंद असतं. सकाळी उठलो, बल्ब खिशात टाकला आणि साहेबांच्या घरी गेलो.

अंगणात गाडी उभी. बॉनेट उघडं, साहेब बनियनवर. पाना, फडकं, बादली ओळीत मांडलेली. आणि हातात ब्रेक ऑइलची बाटली.

"साहेब, हे काय चाललंय?"

"मेंटेनन्स परेड. दर रविवारी. पानी, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, हवा. समदं लेवलला आणायचं, गाडी धुवायची."

"ब्रेक ऑइल दर रविवारी घालता?"

"जेवढं कमी आसंल तेवढं घालायचं. त्यात काय?"

"मग मी विचारलं तेव्हा काही केलं नाही म्हणालात!"

"आरं, हे काय करनं झालं व्हय? दात घासतो ते कुनी सांगतं का?"

मी कपाळाला हात लावला. ब्रेकची सिस्टीम बंद असते. ऑइल दर आठवड्याला कमी होतंय म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडतंय. आठवडाभरात पातळी घसरायची, शनिवारी उतारावर टाकी कलली की गोळी खाली बसायची आणि दिवा लागायचा. रविवारी साहेब ऑइल भरायचे. सोमवारी मला टाकी फुल्ल. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली असती, पण तीही परेडमध्ये धुतली जायची.

तिथंच जॅक लावून मागचं डावं चाक काढलं, ड्रम उघडला. आतलं व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेकचे लायनर दाबणारी नळकांडी, झिरपत होतं. लायनर ऑइलनं चिंब. साहेबांनी बोट लावलं, वास घेतला आणि खाली पायरीवर बसले. ईश्वरी दारात उभी होती. काल बल्ब नसलेल्या गाडीतून ती घाट उतरली होती.

"फोन मी लावतो," साहेब म्हणाले. "ऑइलचं मी सांगतो. बल्बचं तू सांगायचं."

मी सांगितलं. पलीकडून मुलानं एवढंच विचारलं, "काल ती त्याच गाडीतून आली?"

"हो," म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या संध्याकाळी ईश्वरी एस.टी.नं परत गेली, आजी सोबत. मी दोन्ही मागची सिलिंडर, लायनर बदलले, लाइनमधली हवा काढली, बल्ब जागेवर बसवला. पुढच्या शनिवारी गॅरेज बंद ठेवून मी साहेबांबरोबर पाचगणीला गेलो. मुलाला तसा शब्दच दिला होता. 

घरी आल्यावर ईश्वरीनं फोन लावला. "पप्पा, दिवा लागला नाही. पण बल्ब आहे हं. निघताना मी आबांना हँडब्रेक ओढायला लावला आणि बघितलं."

तेव्हापासून गाडी परत देताना मी हँडब्रेक ओढून दिवा गिऱ्हाइकाला दाखवतो. आणि "गाडीला काय केलंत?" असं विचारत नाही. "दर आठवड्याला काय करता?" असं विचारतो.