मालनताईंचा काळा पट्टा

दहा-बारा मोठी माणसं रोज सकाळी एका हॉलमध्ये अनवाणी जमून एकमेकांना लाथा मारत असतील, तर किस्से गोळा करावे लागत नाहीत. हॉल झाडला की केराबरोबर निघतात! आमचा तायक्वांदोचा क्लास विश्रांतवाडीत एका मंगल कार्यालयात भरतो. बॅच मोठ्यांची, म्हणजे ज्यांना डॉक्टरांनी "आता काहीतरी करा" असं सांगितलंय त्यांची. मीही तसाच आलो. खराडीत आयटीत आहे, पाठ गेलेली आहे, पोट आलेलं आहे.

आमच्याकडे दोनच गोष्टींना किंमत. कमरेच्या पट्ट्याचा रंग, आणि समोरचा अंगावर आला की तुम्ही काय करता. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि शेवटी काळा, अशी चढण. रांगेत उभं राहायचं तेही पट्ट्याप्रमाणे. वय, पगार, हुद्दा सगळं चपलांबरोबर दाराबाहेर.

या रांगेत सगळ्यात पुढे लाल पट्टेवाल्या मालनताई साळवे. सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या, साठी उलटलेल्या. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत दोनदा नापास, आणि दोन्ही वेळा फाइटमध्ये! किक अगदी देखणी. पण समोर जिवंत माणूस उभा राहिला की ताईंचा पाय हवेतच थांबायचा.

एकदा मी म्हटलं, "ताई, लाल पट्टाही काही कमी नाही. कशाला एवढा त्रास?"

"अरे, आयुष्यभर मी कुणाची तरी सून, कुणाची तरी आई, नाहीतर साहेबांची क्लार्क. हा पट्टा तेवढा माझा एकटीचा असेल. आता एकदाच बसणार आहे परीक्षेला. नाही झालं तर सोडून देणार."

मला तर पिवळा बांधतानाही श्वास रोखावा लागतो.

* * *

ताईंना स्कूटरवरून सोडायला त्यांचे मिस्टर यायचे. साळवे काका, गणिताचे रिटायर्ड मास्तर. गेटपाशी आम्हाला शिकवणाऱ्या कांबळे सरांना जयभीम घालायचा आणि एक वाक्य टाकून निघायचं, हा रोजचा शिरस्ता.

"सर, हिचे गुडघे मोजून देतोय. दोन आहेत. दोनच परत पाहिजेत!"

एकदा सर म्हणाले, "काका, कधी आत तर या. बघा तरी."

काका स्कूटर वळवत म्हणाले, "मुलांच्या मारामाऱ्या सोडवण्यात माझी नोकरी गेली. आता आपल्या पायांनी बघायला येऊ?"

ताई नुसत्या हसायच्या. पण काका असं काही बोलले की त्या दिवशी पॅडवर किक जरा जास्त जोरात बसायची, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

* * *

किक मारताना पोटातून ओरडायचं असतं. त्याला किहाप म्हणतात. सुरुवातीला ताईंचा किहाप म्हणजे झोपलेल्या बाळाला जाग येणार नाही असा. सर वैतागले.

"ताई, मोठ्यानं!"

"सर, पण ओरडू कुणावर?"

"ज्याच्यावर राग असेल त्याच्यावर."

ताईंनी डोळे मिटले. जरा वेळ विचार केला. आणि मग असा आवाज निघाला की वरच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली! कार्यालयाचा आचारी हातात झारा घेऊन धावत आला.

सरांनी हळूच विचारलं, "कोण होतं?"

"आमचे जुने मोठे साहेब," ताई म्हणाल्या. "रिटायर होताना बोलायचं राहून गेलं होतं."

* * *

धानोरीचे बाळूशेठ आमच्या बॅचचं भूषण. गावची जमीन, प्लॉटिंगचा धंदा, गळ्यात चेन. सर ती रोज काढायला लावतात, ते रोज विसरतात.

आमच्यात पट्टा धुवायचा नाही, अशी पद्धत आहे. पट्ट्यातला घाम म्हणजे केलेली मेहनत, ती नळाखाली सोडायची नाही. बाळूशेठच्या आईंना हे कोण सांगणार? त्यांना पोराचा पट्टा मळका दिसला, त्यांनी तो नव्या निळ्या जीन्सबरोबर मशीनमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी बाळूशेठ रांगेत माझ्याशेजारून निघाले ते थेट पुढे जाऊन उभे राहिले. पिवळ्याचा झाला होता हिरवा! आणि आमच्याकडे पिवळ्यानंतर हिरवाच येतो.

सरांनी पट्टा हातात धरून दोन्ही बाजूंनी बघितला. "बाळूशेठ, आईंना सांगा, परीक्षा आम्ही घेतो."

"सर, मी काय नाय केलं! पण आता दिलाच हाय आईनं, तर ऱ्हाऊ द्या की. आईचा शब्द मोडत नसतो मी!"

* * *

मंगल कार्यालयात क्लास असल्याचे तोटे आहेत. लग्नाच्या दिवशी स्टेजवरच्या सोनेरी खुर्च्यांना चुकवून किक मारावी लागते.

हॉलमध्ये येताना आणि जाताना वाकून नमस्कार करायचा हा आमचा नियम. एका रविवारी क्लास संपला, आम्ही पांढऱ्या कपड्यांत, पट्ट्याप्रमाणे रांग लावून दाराशी वाकलो. आणि नेमकी त्याच वेळी मुलाकडच्यांची बस दारात आली! ठरल्यापेक्षा बरीच लवकर. मुलीकडचं कुणीही पोचलेलं नव्हतं.

वऱ्हाड खाली उतरलं तर समोर दहा-बारा माणसं कमरेत वाकलेली. नवरदेवाच्या मामांना भरून आलं. तेही वाकले, इतके की फेटा खाली पडला. आम्ही अवघडून पुन्हा वाकलो. मामा पुन्हा वाकले!

शेवटी बाळूशेठ पुढे झाले. "या, या पाव्हणं! आत बसा, च्या येतोय."

नंतर कार्यालयाच्या मॅनेजरनं आम्हाला सांगितलं, नवरदेवाच्या वडिलांनी मुलीच्या वडिलांचे हात हातात घेतले होते म्हणे. "स्वागत एक नंबर झालं! फक्त तुमच्या माणसांना अनवाणी उभं करायला नको होतं."

* * *

आता माझी फजिती. ऑफिसात माझ्या टीममध्ये पूजा नावाची मुलगी आहे. क्लासमध्ये ती निळा पट्टा. म्हणजे खराडीत ती मला रिपोर्ट करते आणि विश्रांतवाडीत मी तिला वाकून नमस्कार करतो.

फाइट शिकवताना ती म्हणाली, "सर, समोरचा अंगावर आला की सरळ मागे जाऊ नका. तो पाठोपाठ येतो. तिरकं सरका. त्याची किक मोकळ्या हवेत जाते."

पुढच्याच आठवड्यात क्लायंट ऑफिसात आला. भर मीटिंगमध्ये पूजाकडे रोखून बघत त्यानं आवाज चढवला, हा एवढा मोठा बग टेस्टिंगमधून सुटलाच कसा? पूजानं शांतपणे आपली चाकाची खुर्ची तिरकी सरकवली. तिच्या बरोबर मागे मी बसलो होतो.

पुढचा सगळा वेळ क्लायंट माझ्याशी बोलला!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, मागे कोण आहे ते तरी बघायचं!"

"सर, फाइटमध्ये मागे बघायचं नसतं."

* * *

आणि मग ताईंची परीक्षा आली. परीक्षक बाहेरगावचे, चेहरा इस्त्री केल्यासारखा. फाइटला समोर दुसऱ्या शाखेचा केतन, कॉलेजातला मुलगा, ताईंपेक्षा दीड हात उंच. परीक्षेनंतर कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं म्हणून साळवे काकाही पहिल्यांदाच आत आले होते. ताईंच्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसले होते.

पहिल्या राउंडमध्ये काहीच घडलं नाही. ताई पाय उचलायच्या आणि थांबायच्या. केतन नुसता मागे मागे जायचा. परीक्षकांनी हात वर केला. "कुणी मारणार आहे का? नाहीतर दोघंही नापास."

केतन रडकुंडीला आला. "सर, या माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत!"

ताईंनी दातात घालायची गार्ड काढली. "आई घरी आहे ना? मग मार!"

दुसरा राउंड सुरू झाला आणि केतननं खरंच मारली. लांब पाय, किक सरळ छातीच्या गार्डवर. ताई धपकन मॅटवर बसल्या. मला वाटलं, आता ताई उठणार नाहीत, आता सगळं संपलं.

मागे खुर्ची वाजली. काका उभे राहिले होते. पिशवी खाली, साडी अर्धी बाहेर. आता हे बायकोला घेऊन घरी जाणार म्हणून मी त्यांना अडवायला पुढे झालो.

आणि काका ओरडले,

"मालन! उंच माणसापासून लांब काय राहतेस? चिकट त्याला! किकच्या आधी उजवा खांदा पाडतोय तो, खांदा बघ!"

सगळा हॉल मागे वळला. परीक्षकसुद्धा. ताई तेवढ्या वळल्या नाहीत. उठल्या, हात वर घेतले. केतनचा खांदा खाली आला मात्र, ताई थेट आत घुसल्या, गर्रकन फिरल्या आणि मागचा पाय सोडला. या वेळी तो हवेत थांबला नाही!

केतन चार पावलं मागे जाऊन बसला. बसल्या बसल्या हसत म्हणाला, "काकू, आईला तुमच्याकडे पाठवतो!"

ताई पास झाल्या. सर्टिफिकेट नंतर येतं, पण आमच्याकडे पट्टा त्याच दिवशी सर स्वतः बांधतात. सर गुडघ्यावर बसले. ताई रडत होत्या, पूजा रडत होती, बाळूशेठ तर हुंदके देत होते. मीही काही कोरडा नव्हतो.

गाठ मारून सर उठले आणि काकांकडे वळले. "काका, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?"

काकांनी साडी पिशवीत कोंबली. चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि बायकोच्या कमरेकडे जरा वेळ बघत राहिले.

"ते राहू द्या. आधी पट्टा नीट बांधा, सर. डावं टोक लांब राहिलंय."