जोडाच्या आतला जोड

श्वासाची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. कोणता सुटा भाग कोणत्या मशीनमध्ये बसलाय, याची संगणकावरची नोंद ताईकडे. ती नोंद बांधली तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं होतं: तीन तक्ते. मशीन, मशीनमधले जोड म्हणजे जुळवलेले संच, जोडांतले भाग. आणि जोडाच्या आत आणखी जोड असला तर? "कशाला फाटे फोडताय?" साहेब म्हणाले. ताईनं मान डोलावली. नोकरीत मान डोलवायला फार अक्कल लागत नाही.

मग एका झडपेत खोट निघाली. जरा जुनी झाली की ती हवा कमी सोडायची, मशीन मात्र गुरगुरत राहायचं. ताईनं तिन्ही तक्ते चाळले, सदोष मशिनं परत मागवली. ताईच्या आईबाबांच्या घरी, आजारी आईच्या उशाशी असलेलं मशीन त्यांत नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं. पुढे आई गेली. दुखणं जुनंच होतं, कुणी काही विचारलं नाही.

परवा एका कारागिरानं एक मशीन पुरतं उघडलं, तर तीच झडप जोडाच्या आतल्या जोडात दडून बसलेली. साहेबांनी कपाळाला हात लावला. ताईनं सगळं मोडून एकच तक्ता केला. प्रत्येक भागासमोर, तो कशात बसतो एवढंच लिहायचं. ते 'कशात'ही त्याच तक्त्यात, आणि त्याच्यासमोर ते कशात बसतं ते. झडपेपासून निघायचं आणि वर काही उरत नाही तोवर चढत राहायचं. पायऱ्या किती, हे आधी ठरवायची गरजच नाही. इतकं सोपं होतं ते.

चहा निवायच्या आत उत्तर आलं. त्यात आईचं मशीन होतं. ताईला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. "वा ताई, काय झटपट!" साहेब म्हणाले. तिनं चहा पिऊन टाकला आणि एकेका घरी फोन लावू लागली. बाबांचा नंबरही ओळीनंच आला.

"बाबा, आईचं मशीन कुणाला देऊ नका. आमची माणसं न्यायला येतील."

"देतोय कशाला? रोज लावतो मी. तो आवाज नसला की डोळा लागत नाही. बिघडलंय का?"

"हो."

"कधीपासून?"

"मुळातच, बाबा. मला तेव्हा सापडलं नाही."

मग बाबा म्हणाले, "ती म्हणायची गं, हवा येत नाही म्हणून. मी खेकसायचो तिच्यावर. म्हणायचो, पोरीनं तपासलंय."