छतावरचा चिकाचा हात

आमच्या जुन्या गाडीच्या छताचं कापड सुटलं आणि पोट सुटल्यासारखं लोंबायला लागलं. मी चालवायला बसले की थेट केसांवर टेकायचं. वैतागून मी चपला चिकटवायचा गोंद आणला आणि फासला. जळगावचा उन्हाळा तो! दुपारपर्यंत कापड परत डोक्यावर. आपली अक्कल पाजळली की असंच होतं.

नवं कापड लावणं सोपं होतं, पण आई अडून बसली. त्या कापडावर वडिलांचा हात होता. केळीचे घड कापून झाले की ते तशाच हातांनी गाडीत बसायचे, आणि खड्डा आला की डावा हात वर छताला टेकवायचे. चीक आधी दिसत नाही, मग काळा पडतो आणि राहतोच. तळवा, पाची बोटं, सगळं उमटलेलं. ते जाऊन दोन वर्षं झाली. हात गेला तर मी त्या गाडीत बसायची नाही, असं आईनं सांगून टाकलं.

गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे एक नाना आहेत, मूळचे धुळ्याकडचे. डाग निघून तर जाणार नाही ना, मी भीतभीत विचारलं.

"ताई, हाऊ चीक शे. कापड फाटी, पन हाऊ जास नही."

फाटायचीच तर भीती होती. नानांनी छताचा पुठ्ठा मागच्या दारातून अलगद बाहेर काढला आणि कापड वीतवीत सोललं. आतल्या फोमचा नुसता भुगा झाला होता. तो त्यांनी दाढीच्या ब्रशनं झाडला, पुठ्ठ्यावर नवा फोम बसवला, गोंद मारला. एकदा टेकलेलं कापड परत उचलता येत नाही. एरवी ते मधून सुरुवात करतात म्हणे. या वेळी त्यांनी वडिलांच्या हातावर आपला हात ठेवला, बोटांवर बोटं, आणि दाबला. मग तिथून चारी बाजूंना कापड पसरत नेलं. एक सुरकुती नाही. इतकं देखणं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

घरी जाताना आई शेजारी बसली. नशिराबादच्या पुढे खड्डा आला, तशी ती वर बघायला लागली. मग हात उंचावून तिनं त्या बोटांना बोटं लावली.

"हात पुसा, हात पुसा म्हणून किती डोकं खाल्लं मी त्यांचं," ती म्हणाली. "बरं झालं, कधी ऐकलं नाही माझं."