लहान माप

वरवट बकालच्या बाजारात एक बांगडीवाली बसते. गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी ती बाईचा पंजा दाबून पाहते. हात किती नरम, हाड किती रुंद, ते बघून माप काढते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं सासूबाई मला तिच्याकडे घेऊन गेल्या. दीड दिवस खाटेची दांडी धरून कळा काढताना माझ्या सगळ्या बांगड्या फुटल्या होत्या. टाके पडतानाही मी तोंडात पदर कोंबून होते. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, कुणाचं ऐकून न घेणारी. पण तिथं गप्प राहिले, आणि त्याचा मला अभिमानही होता.

"माह्या सुनीनं हूं की चूं केलं नाही," सासूबाई तिला सांगत होत्या.

ती माझ्या मनगटावरचे काचेचे व्रण अंगठ्यानं चाचपत राहिली. मग मुद्दाम लहान मापाची बांगडी काढून हळूच म्हणाली, "आता चिल्लाव पोरी. बांगडीनं दुखलं म्हणून सांगतो मी लोकाईले."

बांगडी हाडावर आली आणि मी ओरडले. ओरडतच राहिले. शेजारचे भाजीवाले वळून पाहू लागले.

"माप लहान पडलं," ती शांतपणे सांगत होती.

मग सासूबाईंनी स्वतःचा हात पुढं केला.

"मले बी भर व चाची. तेच लहान माप काढ."